जुन्या लॅपटॉपमधल्या एनव्हिडिया जीटी ५४०एम कार्डासाठी नव्या लिनक्सवर ड्रायव्हर मिळेल का?

तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत, प्रोसेसरमधलं इंटेल एचडी ३००० आणि वेगळं एनव्हिडिया जीटी ५४०एम. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर) बसत नाही, तो काढून टाकला तरी लॅपटॉप तापतो आणि बॅटरी भराभर उतरते, असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं असं की एनव्हिडियाचा नाद सोडा आणि सगळं इंटेलवर चालवा. लॅपटॉप टाकून देण्यासारखा मुळीच नाही.

५४०एम हे फर्मी पिढीचं कार्ड. या पिढीसाठी कंपनीची शेवटची ड्रायव्हर-मालिका ३९०, आणि तिचा सपोर्ट २०२२ च्या अखेरीस संपला. हा ड्रायव्हर कर्नलचा भाग नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, पुन्हा कंपाइल करावं लागतं. कर्नलची आतली रचना सतत बदलते आणि त्या बदलांशी ड्रायव्हर जुळवून घेण्याचं काम थांबलंय, म्हणून तुम्हाला त्या एरर दिसतात. काही जण पॅच लावून तो चालवतात, पण मग प्रत्येक कर्नल अपडेटला धाकधूक आली. शिवाय सुरक्षेतल्या नव्या त्रुटी त्यात कोणी दुरुस्त करत नाही. वेलँड या पडद्यावर चित्र दाखवायच्या नव्या पद्धतीच्या बहुतेक डेस्कटॉपना लागणारी जीबीएम ही सोयही त्यात नाही. इतका खटाटोप या कार्डासाठी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा पर्याय नूवो, म्हणजे कर्नलमधलाच मुक्त ड्रायव्हर. फर्मी कार्डांचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, तो वाढवू शकत नाही, कार्ड सुरू होताना ज्या वेगात असतं त्याच वेगात राहतं. तेव्हा वेगासाठी त्याच्यावर भिस्त नको.

पण नूवो काढूनही टाकू नका! तुमचा लॅपटॉप तापण्याचं कारण बहुधा इथेच आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉल करताना नूवोला ब्लॅकलिस्ट करणारी, म्हणजे लोड होऊ न देणारी, एक फाइल मोडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या प्रोग्रामच्या) फोल्डरात तयार होते, आणि ड्रायव्हर काढल्यावरही ती कधी कधी तिथेच पडून राहते. मग एनव्हिडिया कार्डाला कोणताच ड्रायव्हर उरत नाही, ते बंद करायलाही कोणी नसतं, आणि काहीही काम न करता ते वीज खात बसतं. अशा दोन कार्डांच्या लॅपटॉपवर नूवो लोड झाला, की कार्ड वापरात नसताना तो काही सेकंदांत त्याची वीज तोडतो. म्हणून त्या फाइलमधली नूवोला अडवणारी ओळ शोधून पुसून टाका, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल-सिस्टम) नव्याने बनवा आणि रीबूट करा. मग रूट होऊन डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या जागेतल्या) व्हीजीएस्विचरू (vgaswitcheroo) फोल्डरातली स्विच (switch) ही फाइल वाचा. एनव्हिडियापुढे ‘डायनऑफ’ (DynOff) दिसलं, तर कार्ड खरोखर झोपलंय.

इंटेलसाठी कुठूनही काही डाउनलोड करायचं नाही. कर्नलमधला आय९१५ हा ड्रायव्हर आणि मेसामधला (लिनक्सच्या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीमधला) क्रोकस हा ड्रायव्हर पुरेसे आहेत. २०२२ मध्ये मेसा २२.० मधून जुने इंटेल ड्रायव्हर काढले, ही बातमी खरी आहे, पण तुमच्या सँडी ब्रिज चिपसाठी (एचडी ३००० याच पिढीतलं) क्रोकस त्याआधीच आला होता आणि तो ओपनजीएल ३.३ ही ग्राफिक्स प्रणाली देतो. व्हल्कन ही नवी ग्राफिक्स प्रणाली मात्र या चिपवर नाही, त्यामुळे त्यावर चालणारे नवे गेम विसरा.

जीएलएक्सइन्फो (glxinfo) ही कमांड चालवून रेंडररची, म्हणजे चित्र कोण काढतंय ते सांगणारी, ओळ बघा. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ (llvmpipe) असेल तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. अशा वेळी आधी ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) ‘नोमोडसेट’ (nomodeset), म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर रोखणारा पर्याय, राहून गेलंय का ते तपासा. इन्स्टॉल करताना अडचण आली म्हणून ते घालतात आणि मग काढायचं राहतं.

व्हिडिओचं म्हणाल तर ही चिप एच.२६४ या प्रकारातला व्हिडिओ स्वतः डीकोड करते, त्यासाठी व्हीएएपीआयचा (चिपकडून व्हिडिओ डीकोड करून घेणाऱ्या सोयीचा) जुना आय९६५ ड्रायव्हर घाला, नवा आयएचडी इथे चालणार नाही. व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओचे नवे प्रकार मात्र प्रोसेसरवर पडतात, म्हणून ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारं एक्स्टेंशन टाका, फरक लगेच जाणवेल. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरीही बसवा. इंटेलच्या या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, त्यामुळे दोन पट्ट्यांनी मिळणारी जादा बँडविड्थ थेट त्याच्या उपयोगी पडते.

काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय एनव्हिडियाला जोडलेलं असतं. तसं असेल तर बाहेरचा मॉनिटर लावल्यावर ते कार्ड जागं होईल आणि लॅपटॉप थोडा गरम होईल.