बायबलमध्ये देवच यरीहोतली लहान मुलंसुद्धा मारायला लावतो. ख्रिस्ती लोकांना हे पटतं तरी कसं?

मी ख्रिस्ती आहे, बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते. यरीहो मुलांची लाडकी गोष्ट: इस्राएली लोक या कनानी शहराभोवती फिरतात आणि त्याचा तट पडतो. सात याजक, सात रणशिंगं, सात दिवस फेऱ्या. मुलं खोक्यांचा तट रचतात आणि आरोळी ठोकून पाडतात. मी गोष्ट तिथेच संपवायचे. एकदा दहा वर्षांच्या एका मुलीनं पुढचं वचन स्वतःच मोठ्यानं वाचलं: पुरुष, बायका, तरुण, म्हातारे, गुरं, मेंढरं, गाढवं, सगळी तलवारीनं मारली. मग म्हणाली, "राहाब वाचली. पण तिच्या शेजारचं बाळ?" (राहाब म्हणजे इस्राएली हेरांना लपवणारी यरीहोतली बाई.)

तुम्ही तेच विचारताय.

कनानी लोकांच्या पापाचा घडा भरला होता, हे उत्तर मी लहानपणापासून ऐकलंय. पण बाळाचा कसला घडा? तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंतानं ही लढाई आपल्याच मनातल्या पापाशी आहे असं सांगितलं. प्रवचनात मला ते आवडतं, पण त्यानं त्या बाळाचं काही होत नाही. 1952 ते 1958 या काळात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी तिथे उत्खनन केलं. इस्राएलींचा नेता यहोशवा याच्या काळात तिथे तटबंदीचं शहर नव्हतंच, असं त्यांचं मत झालं. म्हणजे कत्तल कदाचित अशी घडलीही नसेल. तरी ती आज्ञा देवाच्या तोंडी आहेच, तिचं काय?

मी जुना करार येशूला समोर ठेवून वाचते. शोमरोनी गावानं त्याला थारा दिला नाही, तेव्हा शिष्य आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. त्यानं शिष्यांनाच धमकावलं. त्याच्या स्वभावात जे बसत नाही, ते देवाची इच्छा म्हणून मी मुलांच्या गळी उतरवणार नाही. सगळ्याच ख्रिस्ती लोकांना हे मान्य नाही, आमच्या मंडळीतही नाही.

त्या मुलीला मी सांगितलं, बाळाचं उत्तर माझ्याकडे नाही. पुढच्या रविवारी आम्ही जुन्या करारातलं 2 राजे, सहावा अध्याय काढला. शत्रूचं, अरामी सैन्य संदेष्टा अलीशाला धरायला येतं आणि स्वतःच इस्राएलच्या राजधानीत, शोमरोनात सापडतं. इस्राएलचा राजा दोनदा विचारतो, मारू का? अलीशा म्हणतो, मारू नको, त्यांना भाकर-पाणी दे. राजा मोठी मेजवानी देऊन त्यांना घरी पाठवतो. त्यानंतर अरामी टोळ्या इस्राएलात आल्या नाहीत, असं तिथेच लिहिलंय.

आता हा पाठ मी यरीहोच्या पाठोपाठच घेते. आणि यरीहोचा अध्याय तट पडल्यावर मिटत नाही.