आई म्हणते, रात्री कुणी येत नाही

‘ताई, माझी आई ८१ वर्षांची. दीड वर्षापूर्वी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून विसरणं फार वाढलं. मी नोकरी करते, भाऊ पुण्यात. घरी ब्यूरोच्या दोन बायका ठेवून पाहिल्या, टिकल्या नाहीत. चार महिन्यांपूर्वी तिला शहराबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये टाकलं. महिना ३२ हजार. जागा स्वच्छ, मालक बोलायला गोड, रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. मी दर रविवारी चार ते सहा जाते. हल्ली बऱ्याचदा झोपलेलीच असते. जागी असली की माझा हात धरून म्हणते, “रात्री कुणी येत नाही गं.” तिथले म्हणतात, त्यांना काही आठवत नाही, मनाचं सांगतात. भाऊ म्हणतो, तू उगाच शंका काढतेस, तिथून काढलं तर ठेवणार कुठे? तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. मी कुणावर विश्वास ठेवू?’
– एक मुलगी, नाशिक

बाई गं, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. सगळ्यांचं म्हणणं क्षणभर बाजूला ठेवू या आणि तिथून सुरुवात करू.

दाखल करताना आईचं वजन किती होतं, ते सेंटरच्या फाइलमध्ये असायला हवं. या आठवड्यात तुमच्या डोळ्यांसमोर पुन्हा वजन करायला लावा. उभं राहता येत नसेल तर खुर्चीसकट करता येतं. नंतर खुर्चीचं वजा करायचं. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं, तर ते वयामुळे म्हणून सोडून द्यायचं नसतं. आई ४८ किलोची असेल तर महिन्याला अडीच किलो म्हणजे खूप झालं. दर महिन्याला वजन होतच नसेल, तर तेवढ्यावरूनही तिथल्या देखभालीबद्दल बरंच कळतं.

मग आईची कवळी कुठे आहे ते बघा. हसू नका. माझ्या सासूबाई अशाच एका ठिकाणी होत्या. त्यांची भूक मेली असं सगळे म्हणत होते आणि मीही मान डोलावत होते. कवळी तीन आठवडे कपाटात रुमालात बांधून पडली होती. त्यांना पोळी चावता येत नव्हती, म्हणून ताट तसंच परत जायचं. ते माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. चष्मा आणि कानाचं मशीनही असंच हरवतं. न दिसणारं, न ऐकू येणारं माणूस जास्तच गोंधळतं आणि मग ‘त्यांना काही कळत नाही’ हा शिक्का बसतो.

आता तिच्या तक्रारीबद्दल. सकाळी काय खाल्लं हे तिला सांगता येणार नाही. पण विसरणाऱ्या माणसाची घटना पुसली जाते तेव्हा तिची भीती पुष्कळदा मागे उरते. म्हणून दर रविवारी येणारं तेच ते वाक्य मी मोडीत काढणार नाही. दोन शक्यता आहेत. एक, खरंच कुणी येत नाही. दुसरी, देखभालीची मावशी येऊन जाते, पण आईला जाग येते तेव्हा अंधार असतो, जागा अनोळखी वाटते आणि कुणी दिसत नाही. दुसरं खरं असलं तरी आईचे हाल खोटे ठरत नाहीत. उशाशी मंद दिवा आणि हाताला लागेल अशी घंटा, एवढं तर आजच मागता येईल.

पहिली शक्यता तपासायला वेळ बदला. रविवारी चार ते सहा म्हणजे आपल्या लहानपणी शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे तसं आहे. त्या दिवशी सगळे पाढे पाठ असतात. एकदा सकाळी आठला जा, नाश्त्याच्या वेळी. एकदा रात्री नऊला. आधी कळवू नका. रात्री इतरांची झोपमोड नको म्हणून तुम्हाला दहाच मिनिटं थांबू दिलं तर ते रास्त आहे. पण आईच्या खोलीपर्यंतही जाऊ देत नसतील, तर ते मला पटणार नाही. रात्री किती माणसांमागे किती मावश्या असतात ते विचारा आणि मालकांना विचारलंत तसंच मावशीलाही विचारा. उत्तरं जुळतात का बघा. त्या मावशीशी उलटतपासणीच्या सुरात बोलू नका. बारा तासांची ड्यूटी करून ती तुमच्या आईचं डायपर बदलते. तिला नावाने हाक मारा, तिचं घर कुठे ते विचारा. दर भेटीत नवीच मावशी दिसत असेल, तर मात्र काळजी करा. माणसं टिकत नाहीत तिथे आईला पाणी कसं पाजायचं, कुठल्या कुशीवर दुखतं, हे कुणालाच माहीत होत नाही.

आईला स्वतः अंग पुसून द्या. मुलीने हे करायला कुणी हरकत घेऊ नये. टाचा, माकडहाड, खुबे, खांद्याची पाती, कोपरं बघा. लाल चट्टा बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा. ती जागा गरम किंवा कडक लागते. स्वतःहून कूस बदलता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं आणि त्याची नोंद ठेवायची असते. ती वही मागा. पण आठवडाभराची नोंद एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसली तर तिच्यावर विसंबू नका. जीभ कोरडी आणि लघवी गडद असेल, तर पाणी कमी पडतंय. मनगटावर वळ असतील तर बांधून ठेवतात का, हे सरळ विचारा.

तुम्ही चारला जाता तेव्हा ती बऱ्याचदा झोपलेली असते, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला ते बांगड्यांइतकंच खटकलं. औषधांचा कागद मागा. झोपेचं किंवा शांत ठेवण्याचं औषध नव्याने सुरू झालंय का, कुणी आणि कशासाठी दिलं? स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना शांत ठेवायला जी मानसिक आजारांवरची औषधं देतात, त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. डॉक्टर कधी कधी नाइलाजाने, मोजून देतात. पण रात्रपाळीला माणूस कमी आहे, हे त्याचं कारण असू शकत नाही. औषध परस्पर बंद मात्र करू नका. कागद घेऊन आईच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. एकाएकी वाढलेली गुंगी किंवा गोंधळ लघवीच्या जंतुसंसर्गानेही येतो, तीही तपासणी होऊ दे.

मालकांशी बोलताना आरोप नकोत. पाहिलेलं तारीख-वेळेसह लिहून द्या आणि काय हवंय तेही लिहा: महिन्याचं वजन, रात्रीचा दिवा, औषध बदलण्याआधी फोन. दोन आठवडे द्या. चांगलं सेंटर चार दिवसांत सुधारणा दाखवतं. जखमेचं कारण सांगता येत नसेल, बांधून ठेवलेलं आढळलं किंवा तुम्हाला तिचं अंग बघू देत नसतील, तर दोन आठवडेही थांबू नका; आधी आईला हलवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे विनाशुल्क फोन करता येतो.

भावाला वाद घालून पटवू नका. त्याला पुण्याहून एका सकाळी बोलवा आणि आईला नाश्ता भरवायला सांगा.

आणखी एक. ‘टाकलं’ हा शब्द तुमच्या पत्रातून काढून टाका. टाकलेल्या माणसाच्या बांगड्यांकडे कुणी बघत नाही. तुम्ही तिला सांभाळायला दिलंय आणि दर रविवारी हिशेब घेताय.

बुधवारी रजा टाकून आठलाच पोचा. आईला आवडतं तसं मऊ काहीतरी डब्यात न्या आणि तिला पूर्ण उठवून, ताठ बसवून, सावकाश भरवा. नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. आणि वजनकाट्यावर काय आलं ते मला लगेच कळवा.

– तुमची ताई