पिंपाचं काय केलंस?

"ताई, आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. खोली सासूबाईंच्या नावावर. चाळीचा पुनर्विकास होईपर्यंत मधली काही वर्षं ट्रान्झिट कॅम्पमध्ये काढली आणि गेल्या रविवारी नव्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर राहायला आलो. आज सातवा दिवस. दोन बेडरूम, घरात संडास, चोवीस तास पाणी. मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त आनंद सासूबाईंना होईल. पण त्या पहाटे चारला उठतात, स्वयंपाकघरातला नळ सोडतात आणि अंधारात त्याच्यापुढे उभ्या राहतात. मुलाचं दहावीचं वर्ष, त्याची झोपमोड होते. दिवसभर दार सताड उघडं टाकून पॅसेजमध्ये खुर्ची घेऊन बसतात. वॉशिंग मशीनला हात लावत नाहीत. नवरा म्हणतो, तूच बघ. निम्मी खोकी अजून तशीच बांधलेली आहेत, सगळं घर मी एकटी लावतेय. त्यांचं ते जुनं पितळी पिंप मी टेम्पो भरला त्याच दिवशी भंगारात देऊन टाकलं, नाहीतर इथे हॉलमध्ये तेही येऊन बसलं असतं. त्याबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न असा, की नव्या घराची पद्धत त्यांना समजावायची कशी?
– एक दमलेली सून, वरळी"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी पूर्ण तुझ्या बाजूने होते. बांधलेली खोकी, दहावी आणि "तूच बघ" म्हणणारा तो महाभाग! त्याच्यासाठी चार खरमरीत ओळी मनात तयारही झाल्या होत्या. दुसऱ्यांदा वाचताना पिंपापाशी अडले आणि त्या चार ओळी विसरून गेले.

"विचारलंसुद्धा नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही." अगं बाई, तोच तर प्रश्न आहे.

बीडीडीची खोली एकशे साठ चौरस फुटांची. हे मी तुला सांगायला नको, तू तिथे नांदलीस. पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. तेवढ्यात पलंग, कपाट, ओटा, कोपऱ्यात मोरी आणि मोरीला लागून पिंप. अशा खोलीत पिंप म्हणजे भांडं नव्हे, ते घरातलं एक माणूस असतं. येता-जाता त्याला अंग घासतं, रात्री उठलं तर हात आधी त्याच्यावर पडतो. आणि ज्या बाईने ते उभा जन्म भरलं, घासलं, चिंचेने लखलखीत केलं, तिच्या लक्षात आलं नाही म्हणतेस? नव्या घरात पाऊल टाकल्यावर दूध उतू घातलं असाल, फोटो काढले असाल. त्या गडबडीत तिची नजर कशाला शोधत होती, ते कुणी पाहिलं का?

तिला माहीत आहे. पहिल्या तासातच कळलंय. तिने विचारलं नाही, कारण हे घर तुझं आहे असं तिने ठरवून टाकलंय. तूच लिहितेस, सगळं मी एकटी लावतेय. तक्रार खरी आहे, दमलीस हेही खरं. पण जरा आठवून बघ, या सात दिवसांत मिठाची बरणी कुठे ठेवायची हे तरी तिला कुणी विचारलं का?

आता त्या चारच्या नळाबद्दल. तुझा समज असा, की पाणी चोवीस तास येतं हे म्हातारीला कळत नाही. न कळायला काय झालं? नव्या घरासाठी पात्रतेचे कागद, सह्या, अंगठे या सगळ्यातून गेलेली बाई आहे ती. चाळीत एका इमारतीत ऐंशी खोल्या आणि पाण्याला ठरलेली वेळ. खालच्या मजल्यावर चार नळ एकदम सुटले, की तिसऱ्या मजल्यावर नुसती करंगळीएवढी धार. अशा ठिकाणी घरातलं एक माणूस पाण्याचं असतं. बाकीचे झोपले तरी चालतात, त्याने झोपून चालत नाही. आदल्या दिवशीचं शिळं पाणी काढायचं, पिंप विसळायचं, नळाला फडकं बांधायचं. आधी पिंप, मग हंडा-कळशी, मग बादल्या, आणि उरलं तर धुण्याला. ही नोकरी तिने केली, बिनपगारी, बिनरजेची. आता तेविसाव्या मजल्यावर चारला तिचे डोळे आपोआप उघडतात. नळ आहे, पाणी आहे, जोरही आहे. भरायला काही नाही. म्हणून ती नुसती उभी राहते.

आणि फडक्याचं म्हणशील, तर ते पाणी गाळायला असायचंच, पण त्याचा आणखी एक उपयोग होता. फडक्यावरून पाणी उतरलं की आवाज होत नाही. एकाच खोलीत सगळं घर पायाशी झोपलेलं असताना ती रोज पहाटे पाणी भरायची, आणि तुझा नवरा त्याच खोलीत दहावी झाला. त्याला विचार, नळाच्या आवाजाने किती वेळा जाग आली होती. तुझ्या मुलाची झोप मोडते, कारण पाणी सरळ स्टीलच्या सिंकवर आदळतंय. खाली पिंप नाही.

हे मी फार शहाणपणाने सांगत नाहीये. आम्ही पुण्यातला वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आईचा तांब्याचा बंब मीच मोडीत काढला होता. गीझर आला होता, बंबाला जागा नव्हती, माझं म्हणणं अगदी बिनतोड होतं. आईने एका शब्दाने विचारलं नाही. मीही तुझ्यासारखंच समजले, की बरं झालं, लक्षात नाही आलं. ती गेल्यावर तिचं कपाट आवरताना, साड्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली बंबाची तोटी सापडली. म्हणजे मोडवाला यायच्या आधीच तिने ती पिळून काढून घेतली होती. बंब जाणार हे तिला आधीपासून ठाऊक होतं. तो मोडवाला तोटीचे पैसे कापून घेत होता आणि मी त्याच्याशी हुज्जत घालत होते, तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती.

तेव्हा आता तुला भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, खिडकीत तुळस असलं काही सांगत नाही. एकच काम आहे आणि ते आजचं आहे. ज्याला पिंप दिलंस त्या भंगारवाल्याकडे जा. पितळ महाग असतं, तो ते लगेच विकून टाकत नाही, माल जमवून मग पुढे पाठवतो. आठवडाच झालाय, कोपऱ्यात पडलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. त्याने तुला दिले त्याच्या दीडपट मागेल, दे. घासाघीस करू नकोस. नवऱ्याला पाठवू नकोस, तू जा. आणि पिंप हातात आलं की त्याच्या गळ्यापाशी बोट फिरवून बघ. आपल्याकडे भांड्यावर नावं घालायची पद्धत होती, कुणाकडून कुणाला आणि कधी. तुला ते नाव वाचता आलं, तर तू काय विकलं होतंस ते मी सांगायची गरज उरणार नाही.

घरी आणलंस की ते कुठे ठेवायचं, हे तू सांगायचं नाहीस. हॉलमध्ये ठेवलं तर हॉलमध्ये. इंटेरियरवाल्याने काहीही म्हणू दे. एकशे साठचे पाचशे चौरस फूट कुणाच्या नावावर झाले, हे एवढी वर्षं लाइटचं बिल पाहताना तू वाचलेलं आहेस. त्या पाचशेतले चार फूट तिला लागतील. आणि चोवीस तास पाण्याचा फार भरवसा धरू नकोस. ते टाकीतलं पाणी आहे. एक दिवस पंप बसेल, नाहीतर टाकी धुवायला काढतील, आणि अख्ख्या मजल्यावर भरलेलं पाणी एकाच घरात असेल.

दाराचं म्हणशील, तर राहू दे उघडं दिवसभर. जन्म गॅलरीत गेला तिचा. एखादं समोरचं दारही उघडेल कदाचित. मशीनला हात लावत नाही, नको लावू दे, तू लाव.

राहिलं एक. पिंप मिळालं नाही तर काय? मग आज रात्री, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून तिच्याजवळ बस आणि सांग, "आई, पिंप मी विकलं. तुम्हाला विचारलं नाही." एवढंच. त्यापुढे "पण ते पोचे पडलेलं होतं", "पण इथे जागा कुठे होती", असलं काही जोडायचं नाही. ती गप्प बसेल, तूही बस.

किती आले, हे तू मला लिहिलेलं नाहीस. ती मात्र विचारेल. खरा आकडा सांग.