पॉलिशच्या खुणा आणि सरत आलेली दोन वर्षे

मालवणच्या एका वाचकांनी कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये 68,000 रुपये देऊन आपली काळी गाडी पूर्ण रंगवून घेतली आणि 17 ऑगस्ट 2024 रोजी भर पावसात ती ताब्यात घेतली. ऑक्टोबरचे ऊन पडताच बॉनेटवर आणि दारांवर पॉलिश मशीनच्या केसासारख्या बारीक गोल रेषा दिसू लागल्या. आता मालवणातच एक जण 9,000 रुपयांत त्या काढून द्यायला तयार आहे. ते काम करून घेऊन पैसे गॅरेजकडून वसूल करता येतील का, असा त्यांचा प्रश्न आहे. पावसाळ्यात गाडी घ्यायची आणि उन्हात दोष पाहायचा, अशा आशयाची पत्रे मला नेहमी येतात.

ही सेवेतील त्रुटी आहे की नाही, यावर मी शब्द खर्च करीत नाही. आपले सारे प्रकरण तारखेवर अवलंबून आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. ते कारण खुणा दिसल्या त्या दिवशी घडले, असा युक्तिवाद करता येईल, परंतु तो मान्य होईलच असे नाही. म्हणून मुदत 17 ऑगस्टपासूनच मोजावी. दिवाळीनंतर, शिमग्यानंतर, पाऊस सरल्यावर 'एक हात मारून देतो' हे गॅरेजमालकाचे तोंडी वायदे मुदत थांबवत नाहीत, आणि त्या वायद्यांवर आपण बावीस महिने एकही ओळ न लिहिता काढलेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुदत उलटल्यास विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण विलंबाचे पुरेसे कारण आपल्याला सिद्ध करावे लागेल.

मालवणातले काम तूर्त मुळीच करून घेऊ नये. त्या रेषा हाच आपला पुरावा आहे, आणि त्या काढायच्या म्हणजे वरच्या पारदर्शक थराचा, ज्याला रंगारी क्लिअर कोट म्हणतात त्याचा, आणखी काही भाग घासायचा. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. नवा रंग पुरता सुकण्याआधी जाड कंपाऊंड, म्हणजे घासण्याचा खरखरीत लेप, लावून रोटरी मशीन फिरवले की अशा खुणा राहतात. मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश वापरून त्या जातातही, परंतु थर आधीच पातळ झाला असेल तर खाऱ्या हवेत रंग लवकर खराब होतो. म्हणून आधी दुसऱ्या जाणकाराकडून रंगाची जाडी यंत्राने मोजून लेखी अहवाल घ्यावा. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पत्र्याची छायाचित्रे काढावीत, आणि ती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे.

डिलिव्हरीच्या पावतीवर 'काम समाधानकारक, नंतर तक्रार चालणार नाही' या मजकुराखाली आपली सही आहे. ती अट अन्यायकारक करार ठरवून घेण्याच्या फंदात पडू नये, कारण तो अधिकार जिल्हा आयोगाला नसून राज्य आयोगाला आहे. ढगाळ हवेत, ट्यूबलाइटखाली जे दिसू शकत नव्हते त्याबद्दल समाधान व्यक्त करता येत नाही, एवढेच शपथपत्रात लिहावे. हे म्हणणे टिकेल असे मला वाटते. खात्री देत नाही.

तक्रारीसाठी घाट चढून जाण्याची गरज नाही. आपण जिथे राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे सिंधुदुर्गनगरीच्या आयोगात ती दाखल करता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. कायदा तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करायला सांगतो, पण तारखांवर तारखा पडताना पाहून अशिलापेक्षा मलाच अधिक संताप येतो. तेवढा काळ खुणांसह गाडी चालवण्याची तयारी ठेवावी. नोटीस सक्तीची नाही, तरीही पंधरा दिवसांची मुदत देऊन ती याच आठवड्यात पाठवावी. गाडी आपण पर्यटकांसाठी भाड्याने देत असाल, तर ती स्वतःच्या चरितार्थासाठी स्वतः चालवता, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजे. अन्यथा गाडी व्यावसायिक वापराची आहे, म्हणून आपण ग्राहकच नाही, हा बचाव समोरून येईल.