गाडी आली तेव्हा लेकरू घरी का होतं?

ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे, अजून ‘आई’ म्हणत नाही. हाक मारली तर वळत नाही, पण बिस्किटाचा पुडा वाजला की धावत येतो. पाणी पाहिजे असलं की माझं मनगट धरून माठापाशी नेतो, माझ्याकडे बघत मात्र नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. वरून, मी मोबाईल दिल्यामुळं असं झालं म्हणून रोज ऐकवतात. आमचे हे काहीच बोलत नाहीत. मधात अंगणवाडीत डॉक्टरांची गाडी आली होती, पण गर्दीत तो फार रडतो म्हणून मी त्याला नेलं नाही. कापूस विकला की नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेईन म्हणते. तोवर सासूबाईंना कसं समजावू?
– एक आई

पोरी, सासूबाईंचं राहू दे. सगळं पत्र तू त्यांच्या बोलण्यानं भरलंस आणि खरी गोष्ट एका ओळीत उरकलीस. गाडी दारात आली होती आणि तू लेकराला नेलं नाहीस. सासूनं अडवलं असतं तर तू तसं लिहिलं असतंस. तूच नेलं नाहीस. मला याचा राग आलाय.

ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची. २०१३ पासून हे काम चालू आहे. पथकातले डॉक्टर वजन-उंची बघतात, तसंच मूल वयाप्रमाणे बोलतं का, बघतं का, खेळतं का, हेही बघतात. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येतात. म्हणजे पुढची फेरी साधारण सहा महिन्यांनी. तुझ्या मुलाचं सगळं आयुष्यच तेहतीस महिन्यांचं आहे, त्यात सहा महिने किती मोठे होतात ते तूच बघ.

आणि रडतो म्हणून घरी ठेवलंस? अगं, तेच तर त्यांनी बघायला हवं होतं. आवाज वाढला की तो कान झाकतो का, माणसांची गर्दी झाली की लोळण घेतो का, डॉक्टरला यातूनच कळतं. मला वाटतं, चार बायांसमोर कुणी ‘याला काय झालं गं?’ म्हणून विचारेल, याचं तुला भ्या वाटलं. ते भ्या मी समजू शकते. पण त्यापायी लेकराची तपासणी राहिली.

पत्रावरून मी त्याच्या अडचणीला नाव देणार नाही. हाकेला न वळणं, नजर न देणं, दुसऱ्याचा हात धरून काम करून घेणं, ही ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, लक्षणं असू शकतात. ऐकण्यातला दोषही असू शकतो. पुड्याचा आवाज ऐकतो म्हणजे कान पक्के असं धरून चालू नकोस, कानाची तपासणी आधी करून घे. मोबाईलमुळं ऑटिझम होत नाही, तो दोष डोक्यावरून उतरव. मोबाईल मात्र बाजूला ठेव, कारण तेवढ्या वेळात त्याच्याशी बोलणारं माणूस हवं.

मदतीसाठी आजाराचं नाव ठरेपर्यंत थांबायचं नसतं. उद्या सकाळपासून एक कर. तो तुला माठापाशी नेईल तेव्हा पेला भरून देऊ नकोस. दोन घोट दे. खाली बस, तुझं तोंड त्याच्या तोंडासमोर येऊ दे, ‘पाणी’ म्हण आणि थांब. त्यानं बघितलं, पेल्याकडे बोट नेलं, काही आवाज काढला, की लगेच अजून दोन घोट. काहीच केलं नाही तरी दे, तहानलेलं ठेवायचं नाही. दिवसभरात जितक्यांदा पाणी मागेल तितक्यांदा असंच.

आता मुख्य गोष्ट. कापूस विकायची वाट बघू नकोस आणि पुढच्या गाडीचीही नको. ते पथक तालुक्याच्या सरकारी दवाखान्याशी जोडलेलं असतं. उद्या अंगणवाडी सेविकेला भेट, ‘माझा मुलगा तपासणीतून राहिला’ असं सांग आणि तिला पथकाच्या डॉक्टरांना फोन लावायला लाव. ते म्हणतील त्या दिवशी एसटीनं जा. तुझं तिकीट अर्धं, त्याचं लागतच नाही. नवऱ्याला सोबत ने. तो बोलत नसला तरी चालेल, डॉक्टर काय म्हणतात ते त्याच्या कानावर पडू दे. घरी गेल्यावर सासूबाईंना तोच सांगेल.

मनगट धरून माठाकडे नेतो त्याचा व्हिडिओ काढून ठेव. दवाखान्यात तो नुसता रडेल, तेव्हा हा दाखवायचा. मग जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी माग, हेच नाव घेऊन माग. तिथं बालरोगतज्ज्ञ, वाणी आणि श्रवणाची तपासणी, मानसतज्ज्ञ असं एकत्र मिळावं म्हणूनच ते केंद्र असतं, आणि या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलाला पैसे पडत नाहीत. नागपूरची गरज आहे का, ते तिथले लोक ठरवतील.

एखादा म्हणेल, ‘मुलगे उशिरा बोलतात, पाच वर्षांचा होऊ द्या.’ ऐकून घे, पण उठू नकोस. चिठ्ठी हातात पडल्यावर ऊठ.