भरलेली जखम, तरी रोज तिथंच दात

"जखम कधीच भरली, तरी रोज रात्री तिथंच चावते. ओरडलं की थांबते, पाठ वळली की पुन्हा सुरू. हट्टीपणा आहे का हा?" सहा वर्षांच्या लॅब्रॅडोर कुत्रीला घेऊन आलेल्या ताईंचा हा प्रश्न. थोड्याफार फरकानं बरेच पालक हेच विचारतात.

पुढच्या डाव्या पायाला, पंजाच्या जरा वर, वर्षभरापूर्वी तार लागून टाके पडले होते. आता तिथं केस नसलेला, जाड, ओलसर चट्टा होता. भोवतीचे केस लाळेनं तांबूस झाले होते. केस असे रंगले असतील तर चाटणं बऱ्याच दिवसांचं आहे, हे नक्की.

हट्टाचा विचार शेवटी करायचा. कातडी वरून सांधली तरी आत टाक्याचा तुकडा राहिलेला असू शकतो, दुखावलेली नस झिणझिणत असते, केसांच्या मुळाशी जंतू असतात, खालचा सांधा दुखत असतो. ॲलर्जीची खाजही अशीच एका जागी येऊन बसते. म्हणून आधी पशुवैद्यांकडून चट्ट्यातल्या स्रावाची तपासणी आणि सांध्याचा एक्स-रे करून घेतला. खोलवर जंतुसंसर्ग निघाला आणि मनगटाच्या सांध्यात झीजही. अशा संसर्गाला अँटिबायोटिक कित्येक आठवडे लागतं. चट्टा दहा दिवसांत सुकलेला दिसतो, पालक औषध थांबवतात आणि दुखणं परत उलटतं. सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो.

औषध सुरू असतानाच ताईंना सात दिवस वही ठेवायला सांगितलं: किती वाजता, त्याआधी काय घडलं, किती वेळ, कशानं थांबली. दोन वेळा ठळक दिसल्या. रात्री दिवे मालवल्यावर, आणि ताई बाहेर पडल्यावर दहा मिनिटांच्या आत; हे घरी ठेवलेल्या मोबाइलच्या चित्रणात कळलं. एका संध्याकाळी ताई अकरा वेळा "नको!" म्हणाल्या होत्या. दर वेळी कुत्री मान वर करी, शेपटी हलवी आणि पुन्हा पायाकडे वळे.

"ताई, आधी ओरडणं सोडा. तिला वाटतं, पाय चावला की तुम्ही बोलता."

लक्ष ठेवायला कुणी नसेल तेव्हा आणि रात्रभर गळ्यात कोन, म्हणजे तोंड पायापर्यंत पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर. त्याची कड नाकाच्या दोन-तीन बोटं पुढं यावी, गळ्यापाशी दोन बोटं सहज जावीत. कोनानं दुखणं बरं होत नाही, पण कातडीला उसंत मिळते. घट्ट पट्टी नको, बोटं सुजतात; सैल मोजा चावून गिळला जातो. कडू फवारा काही कुत्री चाटून टाकतात. तिखट किंवा माणसांची मलमं लावू नका, आणि आपल्या वेदनाशामक गोळ्या चुकूनही देऊ नका. त्यांतल्या काही कुत्र्यांच्या जिवावर बेततात.

दिवे मालवण्याआधी अर्धा तास हुंगत-हुंगत संथ फेरी. दिवसाच्या खाण्यातला चौथा हिस्सा बाजूला ठेवून टॉवेलच्या घडीत गुंडाळायचा, तो तिनं शोधून खायचा. शिवाय चटईवर हनुवटी टेकून पडायला शिकवलं: आधी पाच सेकंदांना एक दाणा, मग वेळ वाढवत.

चावण्याआधी ती पंजा हुंगते आणि कान मागं घेते. नेमकं तेव्हाच साध्या आवाजात चटईवर बोलवायचं. चाटणं सुरू झाल्यावर लगेच खाऊ दिला तर 'चाटलं की खाऊ' असं गणित तिच्या डोक्यात बसतं. तेव्हा हाक मारून उठवावं, ती चटईवर काही सेकंद स्थिर राहिली की मगच दाणा.

कातडी शांत झाल्यावर कोन आपल्या नजरेसमोर दहा मिनिटं काढायचा, रोज पाच मिनिटं वाढवायची. दोनदा पायाकडे वळली की कालच्या वेळेवर परत यायचं. रात्रीचा कोन सगळ्यात शेवटी. इथं तो दहाव्या आठवड्यात निघाला. एवढं करूनही थांबत नसेल तर पशुवैद्य चिंता कमी करणारं औषध देतात. त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते मनानं बंद करायचं नाही.

चट्ट्याच्या कडेनं आता लव आली आहे. मधोमध केस कदाचित येणारच नाहीत. मध्यंतरी एका संध्याकाळी ती पुन्हा पायाला लागली. ताईंनी वही उघडली, तर त्या दिवशी सांध्याची गोळी द्यायची राहिली होती.