जुन्या लॉरीचालकांच्या आठवणी टिपून घेताना

१९७० च्या दशकात ब्रिटनहून तेहरानपर्यंत माल नेणाऱ्या चालकांच्या आठवणी तुम्ही लिहून घेणार आहात, हे कळून मनापासून आनंद झाला. पहिल्याच बैठकीत साल विचारू नका. पन्नास वर्षांनी साल हमखास चुकते, वाट मात्र सहसा चुकत नाही. त्याऐवजी इस्तंबूलला बॉस्फरसची सामुद्रधुनी कशी ओलांडली, ते विचारा. तिथला पूल १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला, त्यामुळे फेरीबोटीसाठी रांगेत काढलेल्या रात्रीची आठवण निघाली, तर ती खेप बहुधा त्याआधीची धरावी. इराणची वाट १९७९ च्या क्रांतीनंतर बदलली, हेही ध्यानात असू द्या.

जुने पासपोर्ट आणि टीआयआर कार्नेटची, म्हणजे सीमा ओलांडणाऱ्या मालासाठीच्या सीमाशुल्क कागदपत्रांची, पाने घरात असतील, तर ती आधी पाहून घ्या. वाटेतल्या प्रत्येक देशात माल न उतरवता, सील शाबूत ठेवून पुढे जाता येई ते कार्नेटमुळे, आणि या सगळ्या कागदांवरचे शिक्के प्रवासाचा क्रम बिनचूक सांगतात.

घाई मात्र अजिबात करू नका. पूर्व तुर्कस्तानातल्या ताहिर घाटाविषयी मी एका वृद्ध चालकांना विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग थंडीने गोठलेल्या डिझेलच्या टाकीखाली पेटता बोळा कसा धरायचा, हे त्यांनी टेबलाखाली हात नेऊन दाखवले. असे हावभावही वहीत टिपून ठेवा, कारण ध्वनिमुद्रणात ते उतरत नाहीत.